पंधरा वर्षांची गाडी घेताय? आरटीओ पासिंगच्या आधी स्वतः करायची तपासणी

२०११-१२ साली नोंदलेल्या पेट्रोल हॅचबॅक सध्या जुन्या गाड्यांच्या बाजारात भरपूर दिसतात. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आल्यामुळे मालकांना त्या काढून टाकायच्या असतात, त्यामुळे भावही उतरलेला असतो. विकणारा सांगतो, "पासिंग करून देतो, पुढची पाच वर्षं बघायला नको." पासिंग, म्हणजे आरटीओ तपासणीनंतर नोंदणीचं नूतनीकरण, झाल्यावर गाडी आणखी पाच वर्षं रस्त्यावर आणण्याची कायदेशीर परवानगी मिळते, एवढं खरं. पण निरीक्षक आरटीओच्या मैदानावर गाडीचं चाक काढत नाही, ब्रेक ऑइल तपासत नाही, टायमिंग बेल्टचं कव्हर उघडत नाही. चेसी नंबर जुळतो का, दिवे-हॉर्न-वायपर चालतात का, टायर बरे आहेत का, ब्रेक लागतो का, हे तो त्या दिवशी बघतो. गाडी पुढे दगा देईल का, याचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागतं. ते पैसे देण्याआधी शोधायचं.

सोबत न्यायच्या वस्तू: चांगला टॉर्च, लहान लोहचुंबक, मोठा स्क्रू ड्रायव्हर, व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर, टायरची खोली मोजायची पट्टी आणि अंगाखाली घालायला जुनी चादर. शक्य असेल तर रॅम्प किंवा पिट असलेल्या गॅरेजमध्ये अर्धा तास मागून घ्या. खालून न बघता जुनी गाडी घेऊ नये.

आधी कागद, मग गाडी

आरसीवर नोंदणीची वैधता कोणत्या तारखेपर्यंत आहे ते आधी पाहा. पंधरा वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, गाडी कारखान्यातून निघाल्यापासून नाही. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत उलटली असेल तर गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा ठरतं आणि कारसाठी दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क चढत जातं. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० झालं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नेमकी रक्कम काढा आणि ती सौद्याच्या किमतीत धरा.

परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर आणखी चार गोष्टी बघून घ्या: बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलान थकलं आहे का, विमा चालू आहे का आणि गाडी काळ्या यादीत तर नाही ना. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. दिल्लीत नोंदलेल्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, कारण तिकडे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. अशा गाडीला फॉर्म २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रोड टॅक्स लागतो. त्यानंतर ती 'स्वस्त' राहते का, याचा हिशेब कागदावर मांडून बघा.

आरसीवर उत्सर्जन मानक काय लिहिलंय तेही पाहा. २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज-४) फक्त तेरा शहरांत लागू झालं आणि त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होती. बाकी महाराष्ट्रात २०१७ पर्यंत बीएस-३ गाड्या नोंदल्या जात होत्या. त्यामुळे २०११ सालचं एकच मॉडेल पुण्याचं असेल तर बीएस-४ आणि साताऱ्याचं असेल तर बीएस-३ असू शकतं. पीयूसीची (धूर तपासणीची) मर्यादा आणि मुदत दोन्ही त्यावर ठरतात.

चेसी नंबर आणि पत्रा

बहुतेक हॅचबॅकमध्ये चेसी नंबर बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा पुढच्या सीटखाली फ्लोअरवर ठोकलेला असतो. पासिंगला त्याची पेन्सिल छाप लागते. नंबर गंजून अस्पष्ट झाला असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडानं आणि मऊ ब्रशनं हळूहळू साफ करावा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावू नये. अक्षरांच्या कडा घासल्या गेल्या की नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो, आणि तो निस्तरता निस्तरता महिने जातात. अक्षरांची उंची एकसारखी आहे का आणि आजूबाजूला वेल्डिंगची रेघ आहे का, हे टॉर्च तिरका धरून बघा. वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा.

मग गंज. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईच्या किनारी भागातल्या गाड्यांना खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्हींचा मार बसतो. वरचा रंग चकचकीत असतो आणि पत्रा आतून खाल्लेला असतो. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: जॅक लावायच्या जागा, दाराखालच्या रनिंग बोर्डची आतली कड, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग, शॉकप जिथे बॉडीला बोल्टनं बसतो तो पत्रा आणि मागच्या अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या बैठका. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. टोकानं दाबल्यावर पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर तो पत्रा गेला. दाराचा किंवा बंपरजवळचा गंज पैशांत मोजता येतो. शॉकपच्या बैठकीचा, जॅक पॉइंटचा किंवा सबफ्रेमचा गंज मात्र सौदा मोडण्याइतका गंभीर असतो, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगचा सगळा भार तिथेच येतो.

खालून ताजा काळा अंडरकोटिंग मारलेला दिसला तर अधिक काळजीनं बघा. चांगल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग सपाट आणि सलग दिसतं. गंजावर मारलेलं फुगीर दिसतं आणि नखानं उचकटतं.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून प्रत्येक पत्र्यावर फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे खाली पुट्टी आहे. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. ३०० च्या वर गेला की तिथे काम झालंय असं समजा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादन वर्षाची खूण असते. बाकी सगळ्या ११ सालच्या आणि एकच १६ ची असेल तर ती का बदलली, हे विचारा.

पुराच्या गाड्यांसाठी वेगळी नजर लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाण्याखाली गेलेल्या गाड्या साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज न उलगडणाऱ्या त्या भागावर पिवळट रेघ किंवा वाळलेली माती सापडते, कारण साफ करणाऱ्याचा हात तिथवर जात नाही. बेल्टच्या खाली शिवलेल्या लेबलवरची तारीख गाडीपेक्षा नवी असेल तर बेल्ट बदललेला आहे, म्हणजे पूर किंवा मोठा अपघात. कार्पेट उचलून वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर आहे का, तेही बघा.

थंड इंजिन

जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा की गाडी सकाळपासून चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. जुन्या इंजिनचे बहुतेक दोष पहिल्या दोन मिनिटांतच समजतात.

चालू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा, अर्थात इंजिन पूर्ण थंड असतानाच. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं आणि स्वच्छ दिसायला हवं. गंजकट तपकिरी पाणी असेल तर मालकानं वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं आहे. मग रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तिन्ही संशयित धरा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दाट दुधी साय दिसली तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा, विचार करा. पावसाळ्यात लहान लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडी साय नुसत्या दवामुळेही येते, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलही बघून मगच निष्कर्ष काढा.

किल्ली फिरवा पण इंजिन चालू करू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी आणि असतील त्या गाडीत एअरबॅग व एबीएस, हे सगळे दिवे लागले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते. दोष लपवायची ही सर्रास वापरली जाणारी युक्ती आहे. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत सगळे विझले पाहिजेत.

बॅटरीचा व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५ असावा. चालू झाल्या झाल्या सायलेन्सरमधून निळा धूर येऊन मिनिटभरात थांबला तर व्हॉल्व्ह सील झिजलेत, हे काम आटोक्यातलं आहे. रेस केल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन खोलावं लागणार. गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही टिकला तर कूलंट जळतंय. इंजिन तापल्यावर आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ऑइलचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. ते थडथड उडत असेल आणि खालून धुराचे फुत्कार येत असतील तर सिलिंडरमधला दाब खाली गळतोय. शंका पक्की करायला कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असावेत. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

टायमिंग बेल्ट की चेन, हे आधीच माहीत करून घ्या. वॅगन-आरच्या के-१० इंजिनला आणि स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे. जुनी ८०० सीसीची अल्टो, सँट्रो आणि आय-१० चं १.१ लिटर इंजिन यांना बेल्ट. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर तो बदललेला नाही असंच धरा आणि टेन्शनर व वॉटर पंपासकट नव्या बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटायच्या आधी सहसा आवाज करत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. चेन झिजली की थंड इंजिनला पहिल्या काही सेकंदांत खडखड ऐकू येते.

आता इंजिन आयडलला वीस मिनिटं चालू ठेवा, एसी लावून. रेडिएटरचा पंखा चालू-बंद होतो का आणि तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो का, ते बघा. इंधनाच्या रबरी पाइपवर ओलावा किंवा पेट्रोलचा वास आहे का, तेही तपासा. त्या काळच्या गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, त्यामुळे जुने पाइप आणि सील लवकर कडक होऊन चिरतात. हे पाइप स्वस्त आहेत, घेतल्याबरोबर बदलून टाकावेत.

ब्रेक

इथे घाई करू नका. इंजिन बंद असताना ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक आहे. आता तसंच मिनिटभर घट्ट दाबून ठेवा. पेडल हळूहळू फ्लोअरकडे सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची (पेडलमागे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाची) रबरं आतून गेली आहेत. आरटीओत पाच सेकंद ब्रेक दाबला की गाडी थांबते, त्यामुळे हा दोष तिथे सापडत नाही.

ब्रेक ऑइल फिकट पिवळं असावं. काळपट असेल तर त्यानं हवेतला ओलावा शोषला आहे. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. टेस्टरवर पाण्याचं प्रमाण ३ टक्के किंवा जास्त आलं तर बदलायचंच. नाहीतरी दर दोन वर्षांनी बदलायला हवं.

पुढची चाकं काढून पॅड बघा. अस्तराची जाडी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदलायला झाले. डिस्कच्या कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, व्हर्निअरनं मोजून ताडून बघा. रबरी होज हातानं वाकवा. वर भेगा दिसल्या तर चारही बदला. जुना होज आतून फुगला तर ऑइल जातं पण परत येत नाही, आणि त्या चाकाचा ब्रेक अडकून राहतो. हे ओळखण्यासाठी पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच बाजू जास्त तापली असेल तर होज किंवा कॅलिपरची पिन अडकली आहे.

मागच्या ड्रमच्या आत व्हील सिलिंडरचं रबरी झाकण बोटानं थोडं मागे सारा. आत ओलं दिसलं तर गळती सुरू झाली आहे, आणि तेच ऑइल शूवर गेलं की एका बाजूचा ब्रेक पकडत नाही. हँडब्रेक चार ते आठ टिकटिकींत चढावर गाडी धरून ठेवायला हवा.

स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या सांध्यांचे) रबरी बूट टॉर्चनं बघा. बूट फाटून ग्रीस बाहेर उडालं असेल तर आत माती गेलेली असते, पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवल्यावर टकटक येते. शॉकपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो संपला.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सात-आठ वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्याला बाजूनं बारीक भेगा लवकर पडतात. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये. एकाच कडेला झीज असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला आर्म.

पीयूसीकडे रिपोर्ट म्हणून बघा

गाडी वीस मिनिटं चालवून गरम करा, मग थेट पीयूसी केंद्रावर न्या आणि प्रोब सायलेन्सरमध्ये निदान फूटभर आत घालायला लावा. प्रोब न घालता छापलेली पावती पासिंगला चालेल, पण इंजिनाबद्दल काहीच सांगणार नाही. पेट्रोल बीएस-३ कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. बीएस-४ मध्ये २,५०० आरपीएमला लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. बीएस-३ ची पीयूसी सहा महिने चालते, बीएस-४ ची वर्षभर.

नुसतं कार्बन मोनॉक्साइड वाढलेलं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे: चोंदलेला एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर किंवा कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. नुसतं हायड्रोकार्बन वाढलं असेल तर मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही: प्लग किंवा कॉइल. दोन्ही ठीक असून लॅम्बडा १.०३ च्या वर गेला तर सायलेन्सरच्या एखाद्या जोडातून बाहेरची हवा आत येतेय. सगळेच आकडे वाढलेले असतील तर कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर शुद्ध करणारा भाग) पोकळ आहे का, हे तपासा. थंड असताना त्यावर हलकं ठोकल्यावर आत खुळखुळ झाली तर आतली जाळी फुटली आहे. काही गाड्यांतून तर ती काढून विकलेली असते. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाच्या चाचणीचं) प्रमाणपत्र मागा.

पासिंगच्या दिवशी

सौदा पक्का करण्याआधी रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला ब्रेक दाबा, स्टिअरिंगवर हात अगदी हलका ठेवून. गाडी सरळ थांबली पाहिजे. मग उरलेली रक्कम नूतनीकरण झालेली आरसी हाती आल्यावर द्यायची, असं करारात लिहून घ्या.

अर्ज फॉर्म २५ चा, ऑनलाइन भरून तारीख घ्यायची. सोबत आरसी, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चेसीची छाप. उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर आधी ती बसवून घ्या. पासिंग अडतं ते बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टींवर: पिवळट पडून प्रकाश विखुरणारे हेडलाइट, बंद पडलेला एक ब्रेक लाइट, नंबर प्लेटचा दिवा, काचांवरची काळी फिल्म, बुल गार्ड, म्युझिकल हॉर्न, आरसीपेक्षा वेगळा रंग. हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या, ती चारसहा महिने टिकते. फार धुरकट असेल तर पूर्ण युनिट बदललेलं बरं. आदल्या संध्याकाळी गाडीभोवती फिरून एकेक दिवा लावून बघा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायला हवा, तोवर दाव्याचा वाद होऊ शकतो. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून नवा घ्या. गाडी हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल व फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, गिअर ऑइल आणि एअर फिल्टर बदला, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेला स्टिकर बॉनेटखाली लावा. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा रॅम्पवर घेऊन नव्या जोडांखाली गळती आहे का, हे बघून घ्या आणि चाकांचे नट टॉर्क रेंचनं आवळा. लहान हॅचबॅकला साधारण ८५ ते १०० न्यूटन मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.